आईच्या दुधाबरोबर

घरभेटीस गेलो असता आम्हांस एक प्रश्न हटकून ऐकावयास मिळतो. मुलाला बोलता येऊ लागल्यापासून प्रार्थना शिकविल्या, संध्याकाळची रोजरी चुकू दिली नाही, पहिल्या कम्युनियनला ऐपतीबाहेर जाऊन पांढरा पोशाख शिवला. आणि आज तोच मुलगा नोकरीच्या गावी रविवारच्या मिस्सालाही जात नाही. तर फादर, ते सारे शिकविणे पाण्यातच गेले ना? विचारणारी बहुधा आई असते. वडील शेजारी मुकाट्याने बसलेले असतात.

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. परंतु ज्याने आपल्या बालपणाची याच दृष्टीने कसून तपासणी केली, असा एका आईचा मुलगा ख्रिस्तसभेत होऊन गेला. त्याची साक्ष ऐकण्यासारखी आहे.

संत ऑगस्टीन ३५४ साली उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातील तगास्ते या गावी जन्मले. आई मोनिका श्रद्धावंत. वडील पॅट्रिशियस त्या काळी ख्रिस्ती झालेले नव्हते. बाळाच्या कपाळी क्रूसाची खूण झाली, मुखी मीठ लागले, पण बाप्तिस्मा मात्र राहिला. तो लांबणीवर टाकण्याची तेव्हा चाल होती. पुढे पोटाच्या दुखण्याने मरणोन्मुख झालेल्या त्या बालकाने स्वतःच बाप्तिस्मा मागितला. आईची धावपळ सुरू झाली, तोच दुखण्यास उतार पडला आणि तो विधी पुन्हा राहून गेला. अखेर तो झाला ३८७ च्या ईस्टरला, मिलान शहरी, बिशप संत अँब्रोस यांच्या हस्ते. मुलगा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

मधल्या वर्षांतील त्यांचे वर्तन वाचकांस ठाऊकच आहे. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते एका लहानशा गोष्टीकडे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कार्थेज येथे शिकत असता, सिसेरोचा ‘हॉर्टेन्सियस’ हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. (आज त्याचे काही तुकडेच उरले आहेत.) त्या वाचनाने तरुणाच्या मनात ज्ञानाची विलक्षण ओढ उत्पन्न झाली. तरीही एक उणीव त्यास सलत राहिली: ग्रंथात ख्रिस्ताचे नाव नव्हते. आईच्या दुधाबरोबर ते नाव आपल्या हृदयात उतरले होते, म्हणून त्यावाचूनचे कोणतेही लिखाण, कितीही विद्वत्तेचे असो, आपले मन पुरते जिंकू शकले नाही, असे त्यांनी ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात नमूद केले आहे. हे त्यांनी लिहिले ते हिप्पोचे बिशप झाल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर.

त्या दिवसांत कोणी मोनिकेस विचारले असते, तर तिनेही आमच्या भगिनींप्रमाणेच, शिकविलेले फुकट गेले असे सांगितले असते. मुलाच्या आचरणात काही दिसत नव्हते. आत मात्र एक जागा रिकामी राखली गेली होती, आणि तेथे दुसरे कोणी बसू शकत नव्हते.

येथे थोडे थांबावयास हवे. याच ओढीने त्या तरुणाचा घातही केला. मनीपंथीयांच्या तोंडी ख्रिस्ताचे नाव सदैव असे. त्यास भुलून तो त्यांच्यात गेला आणि सुमारे नऊ वर्षे राहिला. नाव रुजले होते, समज तेवढी वाढली नव्हती. आमच्या धर्मग्रामातही दृढीकरण झाले की मुलाचे धर्मशिक्षण संपले असे मानणारे पालक आहेत. दहाव्या वर्षीचा सदरा विसाव्या वर्षी अंगात बसत नाही, हे त्यांस कपड्यांच्या बाबतीत बरोबर कळते.

शिवाय बालपणीची शिकवण म्हणजे काही बेडी नव्हे. पुत्राच्या चिंतेने मोनिका ज्या बिशपांकडे रडत गेली, त्यांची हकीकत मोठी बोलकी आहे. त्यांच्या आईने त्यांस लहानपणीच मनीपंथीयांच्या स्वाधीन केले होते. त्या पंथाचे बहुतेक सर्व ग्रंथ त्यांनी वाचले, हाताने उतरवूनही काढले, आणि वादविवाद करावयास कोणी नसताना आपल्या आपण तो पंथ सोडला. मातेने दिलेले टिकतेच, असा नियम त्यामुळे आम्ही सांगणार नाही. परंतु ऑगस्टीन यांच्या ठायी ते टिकले. पुढे तत्त्वज्ञांकडे मन वळले, तेव्हाही त्यांच्यापाशी ख्रिस्ताचे नाव नाही म्हणून आपल्या आत्म्याचा उपचार त्यांच्या हाती देण्यास त्यांनी नकार दिला.

मग ते टिकले कशामुळे? आमच्या मते याचा धागा त्याच ग्रंथातील शाळेच्या प्रकरणात सापडतो. लहानग्या ऑगस्टीनची देवाकडे पहिली कळकळीची मागणी होती, ती शाळेत मार बसू नये ही. आणि वडीलमंडळी, आईवडीलसुद्धा, त्या माराला हसत. छडीखाली शिकविलेल्या ग्रीक भाषेचा त्यांस कायमचा तिटकारा बसला. लॅटिन मात्र दायांच्या लाडात, खेळता खेळता तोंडी आले आणि जन्मभर उपयोगी पडले. ख्रिस्ताचे नाव लॅटिनच्या वाटेने आले होते, ग्रीकच्या नव्हे.

आमच्या सीमाभागात मुले घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी बोलतात. आजी नातवाला मांडीवर घेऊन मराठीत प्रार्थना म्हणते, तेव्हा इंग्रजीत शिकवा म्हणून तिला अडविणाऱ्या पालकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

मार खाल्लेला तो मुलगा स्वतः शिक्षक झाला, तेव्हा कसा वागला? सुमारे ४०० साली कार्थेजचे दीकन देओग्रातियस यांनी त्यांस कळविले, की नवागतांस धर्म शिकविताना आपले बोलणे आपल्यालाच रुक्ष वाटते. उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी एक छोटा ग्रंथच लिहून धाडला. तो प्रौढ नवागतांसंबंधी आहे, तरी शिकविणाऱ्याच्या मुद्रेवरील प्रसन्नतेवर त्यातील भर लहानांच्या शिक्षकांसही लागू पडतो. ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्यास बसावयास आसन द्यावे, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. धर्मशिक्षकांच्या येत्या बैठकीत तेवढा भाग मराठीत सांगण्याचा आमचा विचार आहे. पालकांनीही यावे.