हरलेला डाव परत मांडणे

गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी माझ्या जुन्या शाळेत बुद्धिबळ शिकवायला जातोय. मी काही मोठा खेळाडू नाही, हापिसात त्यातल्या त्यात बरा, इतकंच. पहिल्याच दिवशी नववीतल्या एकाने विचारलं, "दादा, ह्याचे मार्क धरतात का?"

त्याला तरी काय बोलणार? शाळेने पालकांना सांगितलंय की बुद्धिबळाने गणित सुधारतं. इंग्लंडमध्ये १०० शाळांत हे नीट तपासून पाहिलं होतं. तीसेक तास बुद्धिबळ शिकवलं, वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली. २०१६ मध्ये निकाल आला : काही फरक नाही. त्यात २०२४ मध्ये गुकेश १८व्या वर्षी जगज्जेता झाला, २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, आणि पालकांना भलतीच स्वप्नं पडायला लागली. गुकेशने चौथीनंतर रोजची शाळा सोडली होती, हे मात्र कुणी काढत नाही!

असो. मला वेगळंच दिसलं. तोच मार्क विचारणारा मुलगा एकदा वजीर घालवून हरला आणि पाऊण तास हलेना. "दादा, इथे घोड्याऐवजी उंट काढला असता तर?" डाव तीनदा परत मांडला. शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात उभे. त्याच आठवड्यात त्याला गणिताचा पेपर मिळाला होता, ४० पैकी १७. कुठे चुकलं विचारलं, तर पत्ता नाही. मार्कांची बेरीज बरोबर आहे ना, तेवढं पाहून पेपर दप्तरात कोंबलेला.

हसू नका, मीही तेच केलंय. एम-थ्रीला केटी लागली तेव्हा रीचेकिंगचे पैसे भरले, पण कुठलं गणित का चुकलं ते आजतागायत माहीत नाही. आणि आता प्रॉडक्शनला काही झोपलं की रात्रभर लॉग उपसत बसतो.

म्हणून वाटतं, बुद्धिबळाला कृपया मार्क ठेवू नका. उलट प्रत्येक चाचणीनंतर एक अख्खा तास गणिताचा पेपर पटासारखा परत मांडा. हे बाईंना सुचवलं, तर म्हणाल्या, "आणि पोर्शन कोण संपवणार?" त्यांचंही खरंच आहे म्हणा.

एप्रिलपासून त्या मुलाची दहावीची व्हेकेशन बॅच सुरू झाली, शनिवार बंद. वडिलांचा फोन आला होता, "बारावीनंतर खेळेल की." माझा गुंडाळायचा पट त्याच्याकडेच आहे. मागितला नाही.