पत्त्यावरून पारख

“ई-मेलसाठीं घरीं स्वतःचा सर्व्हर मांडण्याचा खटाटोप कशाला? बड्या कंपनीचें फुकट खातें उघडावें आणि स्वस्थ असावें,” असा उपदेश हल्लीं शहाणीं माणसें करितात. सोलापुरांत तरी तो शोभत नाहीं. राहत्या घरांत माग घालून येथें पिढ्यान्पिढ्या कापड विणलें गेलें. घरच्या कारखान्यास येथें कोणी हौस म्हणत नाहीं. शिवाय १९८२ सालीं ई-मेलच्या दळणवळणाचे नियम ठरले, त्यांत लहानमोठा हा भेदच नव्हता.

पुढें लबाडांचा सुळसुळाट झाला आणि ओळखीच्या खुणा मागणें प्राप्त झालें. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं त्या सक्तीच्या केल्या: आंकडी पत्त्यावरून यंत्राचें नांव उलट शोधतां आलें पाहिजे, आणि एस्.पी.एफ्. किंवा डी.के.आय्.एम्. यांपैकीं एक तरी पुरावा पाहिजे. याविषयीं आमची तक्रार नाहीं. नियम छापील आहेत, ते पाळतां येतात.

पण घरगुती जोडणीचा पत्ता बहुधा बदलता, कित्येकदां अनेक घरांत मिळून एक. त्यावर नांव नोंदविणें सेवादाराच्या हातीं. आणि ज्या २५ क्रमांकाच्या दारानें पत्र बाहेर पडावयाचें, तें पुष्कळ ठिकाणीं बंद. त्यावर स्पॅमहाउसची पी.बी.एल्. ही यादी. तींत घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे आधींच नोंदलेले असतात, एकहि पत्र गेलेलें नसलें तरी! यादीवाले म्हणतात, हा आरोप नव्हे, धोरण आहे. किडलेल्या घरगुती संगणकांतून रद्दी टपालाचे लोंढे निघाले, हेंहि खरें. तथापि वस्ती पाहून माणूस पारखण्याचा न्याय सोलापूरकरांस नवा नाहीं. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वयें येथल्या सेटलमेंटच्या कुंपणांत माणसें जन्मावरूनच गुन्हेगार धरलीं जात. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. त्या हालांशीं या अडचणीची बरोबरी करणें अश्लाघ्य होईल. पण तर्काचा सांचा तोच.

सर्वांत वाईट तें मौन. पलीकडचें यंत्र ‘२५०’ हा पोहोंचीचा आंकडा देतें आणि पत्र रद्दीच्या कप्प्यांत पुरतें. नोकरीचा अर्ज असो कीं टॉवेलांचा भाव, पाठविणारा उत्तराची वाट पाहत राहतो. जुन्या टपालांत बिनतिकिटाचें पत्रहि बैरंग म्हणून दाराशीं येई. दुप्पट हांशील भरावें कीं नाकारावें, हें घेणाराच ठरवी.

येणारीं पत्रें घरीं घ्यावीं, जाणारीं भाड्याच्या सर्व्हरमार्फत धाडावीं, हा तोडगा चालतो. पण मग कायमचा परका जासूद पदरीं बाळगावा लागतो. अर्ज करणाऱ्या गृहस्थास सेवादारानें वाजवी दरांत स्थिर पत्ता, त्यावर नांव आणि उघडें दार द्यावें. पत्र नाकारणारानें तें कारणासह परत करावें. यांत अशक्य काय आहे, तें या कंपन्यांनीं एकदां सांगावें.