जुन्या एसयूव्हीच्या इंजिनाची माहिती हा खरेदीदाराचा हक्क ठरवा
(मागणीपत्र)

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग
मा. सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग

विषय : सात वर्षांहून जुन्या एसयूव्हींच्या खरेदी-विक्रीत इंजिनाची तपासणी, नोंद आणि जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आमच्या संघटनेत शेतकरी, छोटे व्यावसायिक, पर्यटक परवान्यावर गाडी चालवणारे आणि गॅरेज चालवणारे मेकॅनिक आहेत. आठ-दहा वर्षे वापरलेली स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, डस्टर किंवा फॉर्च्युनर आमच्यातले बरेच जण गरजेपोटी घेतात. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, आणि घाट, कच्चा रस्ता, सात-आठ माणसे व सामान यांना छोटी मोटार पुरत नाही.

या खरेदीत टायर, रंग, सीट, आरसी, विमा सगळे पाहिले जाते. इंजिन मात्र ‘आवाज तर बरा आहे’ एवढ्यावर घेतले जाते. म्हैस घेणारा शेतकरी दोन वेळा धार काढून बघतो. तिच्या कितीतरी पट किमतीची गाडी तो गरम इंजिनावर एक चक्कर मारून घेतो, कारण त्याहून जास्त तपासू द्यायला विकणारा बांधील नाही. पुढे इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप आणि टर्बो पाठोपाठ गेले किंवा इंजिन खोलावे लागले, तर खर्च लाखाच्या पुढे जातो.

इंजिनाची स्थिती मोजता येते. गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला ती थोड्या खर्चात मोजता येते, घेणाऱ्याला नाही. म्हणून ती मोजून लेखी देण्याचे काम विकणाऱ्याकडे असावे, हा या मागणीपत्राचा गाभा आहे.

आमची कारणे

१. गाडीच्या नावावरून इंजिनाचा भरवसा ठरत नाही. स्कॉर्पिओ २००२ साली आली ती २.६ लिटर टर्बो डिझेल घेऊन. पुढे त्याच क्षमतेचे कॉमन रेल इंजिन आले आणि नंतर २.२ लिटरचे एमहॉक. १९९८ ची सफारी २.० लिटरची होती. तिला पुढे ३.० आणि २.२ लिटरची डायकोर इंजिने बसली. यांतल्या प्रत्येकाची दुखणी वेगळी. डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, पहिल्या ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलला चेन. बेल्ट मुदतीत बदलला नाही आणि तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात व चालते इंजिन एका क्षणात बसते. म्हणून ‘ही गाडी चांगली का?’ या प्रश्नाआधी ‘हिच्यात कोणते इंजिन आहे आणि त्याचे काय काय काम झाले आहे?’ हा प्रश्न येतो. त्याचे लेखी उत्तर देणे आज कोणावरही बंधनकारक नाही.

२. मीटरचा आकडा खरा असला तरी अपुरा असतो. दीड लाख किलोमीटर द्रुतगती मार्गावर एका वेगात कापलेली गाडी आणि तेवढीच शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत वापरलेली गाडी यांची इंजिने सारखी राहत नाहीत. दुसरीत ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेक काजळीने भरतात, इंजिन नीट तापतच नाही, ऑइल लवकर खराब होते. त्यात मीटर मागे फिरवलेला असेल, तर उरलासुरला अंदाजही चुकतो. याबद्दल आज फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाखाली, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली दाद मागावी लागते, आणि जुने आकडेच हाती नसल्याने पुरावा उभा राहत नाही.

३. दोष लपवणे सोपे आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवले की सकाळच्या पहिल्या स्टार्टचा त्रास, निळा धूर आणि चेनचा खडखडाट दिसत नाही. जाड ऑइल भरले की आवाज दबतो. स्कॅनरने फॉल्ट कोड पुसले की डॅशबोर्डवरचा दिवा विझतो. ऑइलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन पाहायला किंवा टर्बोचा पाइप काढून आतले ऑइल तपासायला बहुतेक विक्रेते हातच लावू देत नाहीत.

४. सरकारी कागद इंजिनाबद्दल गप्प आहेत. ‘वाहन’ प्रणालीत नोंदणीची तारीख, इंधन, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणात ब्रेक, दिवे आणि धूर पाहतात. सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाहत नाहीत. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा आकडा मोजला जातो. त्याची मर्यादा बीएस-३ व त्याआधीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ आहे. पण रिंगा झिजलेले, ऑइल खाणारे इंजिनही ही परीक्षा पास होऊ शकते. पीयूसी म्हणजे इंजिनाच्या तब्येतीचा दाखला नव्हे.

५. बुडालेल्या आणि बाहेरून आलेल्या गाड्यांचा इतिहास पुसला जातो. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण या प्रत्येक पुरात वाहने पाण्याखाली गेली. पाणी सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड जेमतेम वाकला तर गाडी चालते आणि काही महिन्यांनी इंजिन फुटते. विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवून भंगारभावाने विकलेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते, आणि तो डाग घेणाऱ्याला कुठे दिसत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या एसयूव्हीही एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या जातात. सगळ्याच खराब असतात असे आम्ही म्हणत नाही. पण आधीच्या राज्यातला त्यांचा इतिहास आरसीबरोबर येत नाही.

आमच्या मागण्या

(क) राज्य सरकारने आपल्या अधिकारात करावयाच्या गोष्टी

मागणी १ : प्रत्येक पीयूसी, योग्यता तपासणी आणि मालकी हस्तांतराच्या वेळी मीटरचे वाचन छायाचित्रासह नोंदवावे. बीएस-४ गाडीची पीयूसी वर्षातून एकदा आणि त्याआधीच्या गाड्यांची सहा महिन्यांनी होते. त्यामुळे वेगळी यंत्रणा न उभारता आकड्यांची साखळी तयार होईल. मीटरच्या या नोंदींसोबत दरवर्षीचा धुराचा आकडाही दाखवावा. एका वर्षाच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. तो तीन वर्षे चढत गेला असेल, तर जाणता मेकॅनिक विचारायचे ते विचारतो. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना मीटरच्या नोंदींचे कार-पास पत्रक द्यावे लागते. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतले मीटरचे आकडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

मागणी २ : अधिकृत विक्रेत्यांची जिल्हावार यादी प्रसिद्ध करावी. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून प्राधिकारपत्र घेण्याची तरतूद केंद्राच्या डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आल्याची सूचना देणे आणि तिच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणे हेही त्यात आहे. प्राधिकारपत्राविना धंदा करणाऱ्यांवर कारवाई व्हावी.

मागणी ३ : प्रत्येक जिल्ह्यातल्या किमान एका शासकीय आयटीआयमध्ये सशुल्क इंजिन तपासणी केंद्र सुरू करावे. मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटर व्हेईकल हे अभ्यासक्रम तिथे चालतात. विकणारा व घेणारा या दोघांशीही हितसंबंध नसलेली तपासणी मिळेल आणि मुलांना खऱ्या गाड्यांवर हात बसवता येईल. दर फलकावर लावावेत.

(ख) राज्याने केंद्राकडे शिफारस करावयाच्या गोष्टी

मागणी ४ : अधिकृत विक्रेत्याने सात वर्षांहून जुन्या प्रत्येक गाडीसोबत इंजिन तपासणी पत्रक द्यावे. त्यात पुढील नोंदी असाव्यात :
• रात्रभर बंद असलेले इंजिन सुरू होण्यास लागलेला वेळ, आणि तेव्हाचा व तापल्यानंतरचा धुराचा रंग;
• सिलिंडरांची कॉम्प्रेशन तुलना. जुन्या डिझेलचे ग्लो प्लग काढताना तुटण्याची भीती असते. म्हणून गेज लावण्याचा आग्रह नाही. स्टार्टरला लागणाऱ्या करंटवरून सिलिंडरांची तुलना करणारी चाचणी चालेल;
• कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलचे माप;
• बॅक कॉम्प्रेशन, टर्बोच्या शाफ्टची ढिलाई, कूलंटमध्ये ऑइल किंवा ऑइलमध्ये पाणी आहे का;
• ओबीडी सॉकेट असलेल्या गाडीचा स्कॅनर अहवाल, आणि गाडीचा संगणक सांगत असेल तर कोड पुसल्यानंतर ती किती किलोमीटर चालली तो आकडा;
• टायमिंग बेल्ट असल्यास तो शेवटचा कधी बदलला. पुरावा नसल्यास ‘पुरावा नाही’ असे स्पष्ट लिहावे.

मागणी ५ : या पत्रकासोबत इंजिनाच्या आतल्या भागांची, टर्बोची व इंजेक्टरची तीन महिने किंवा ५,००० किलोमीटर यांपैकी आधी संपेल तेवढी लेखी हमी सक्तीची करावी. ‘आहे त्या स्थितीत’ ही अट अधिकृत विक्रेत्याला वापरता येऊ नये. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याच्या जुन्या गाडीवरील नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कर घेताना सरकार या व्यवहाराला धंदा मानते. मग त्यात ग्राहकाचे संरक्षणही यायला हवे.

मागणी ६ : चालू मालकाच्या ओटीपी संमतीने, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असलेला चासी क्रमांकानुसारचा सर्व्हिस रेकॉर्ड, वॉरंटीत बदललेले भाग आणि रिकॉलची स्थिती खरेदीदाराला मिळावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ मध्ये रिकॉलची तरतूद आहे. झालेला रिकॉल या गाडीवर प्रत्यक्ष पूर्ण झाला का, हे पुढच्या मालकाला कळायला हवे. ज्या कंपन्यांनी भारतात गाड्या बनवणे किंवा विकणे थांबवले, त्यांच्या नोंदीही जपल्या जाव्यात.

मागणी ७ : विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवलेल्या व पुरात बुडालेल्या गाडीची कायमची नोंद ‘वाहन’मध्ये व्हावी. इंजिन बदलले असेल तर जुना-नवा क्रमांक आणि तारीख एकत्र दिसावी.

मागणी ८ : मीटरमध्ये फेरफार करणे, आणि तसे यंत्र किंवा सेवा विकणे, हा मोटार वाहन कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरवावा. जर्मनीने २००५ मध्ये तसा तो ठरवला आहे.

संभाव्य आक्षेपांबाबत

यामुळे जुन्या गाड्या महाग होतील, असे म्हटले जाईल. तपासणीचा खर्च किमतीत येईल, हे आम्ही मान्य करतो. पण आज तोच खर्च, कितीतरी पट वाढून, एका बेसावध कुटुंबावर एकदम पडतो. शिवाय ज्याने वेळेवर ऑइल बदलले, बेल्ट बदलला, पावत्या जपल्या, त्या प्रामाणिक मालकाला आज त्याचा मोबदला मिळत नाही. पत्रक आले की चांगल्या इंजिनाला चांगला भाव येईल.

जुन्या यंत्राची हमी कोण देणार, असाही प्रश्न येईल. दहा वर्षांचे इंजिन नव्यासारखे असावे, असे आम्ही म्हणत नाही. थोडे ऑइल कमी होणे, थोडा आवाज, थोडा थरथराट हे वयाचे आहे. दोष पत्रकात लिहिला आणि घेणाऱ्याने तो वाचून किंमत ठरवली, तर त्या दोषाबद्दल विक्रेत्याची जबाबदारी नको. लपवलेल्या दोषाची मात्र असलीच पाहिजे.

स्वतःची एकच गाडी विकणाऱ्या सामान्य मालकाला पत्रकाची किंवा हमीची सक्ती नको. फॉर्म २९ व ३० सोबत त्याने मीटर, पूर, अपघात आणि इंजिनकाम याबाबत माहितीप्रमाणे एक पानी घोषणापत्र द्यावे.

संघटनेची बांधिलकी

या मागण्या मान्य होण्याची वाट न पाहता आमचे सभासद गॅरेजवाले मागणी ४ मधील नमुन्याप्रमाणे तपासणी पत्रक देण्यास सुरुवात करत आहेत. तपासणी करणाऱ्याने त्या सौद्यात दलाली घेऊ नये, असा नियम संघटनेने स्वतःवर घातला आहे. आयटीआय केंद्रांना स्कॅनर हाताळणी आणि इंजेक्टर तपासणी शिकवायला आमचे अनुभवी मेकॅनिक विनामोबदला येतील.

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला आमचे आवाहन आहे : कायदा होईल तेव्हा होईल, तोवर इंजिन गार असतानाच गाडी पाहायला जा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. स्वतःचा मेकॅनिक न्या, इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहा, आणि तपासू न देणाऱ्याला इसार देऊ नका.

आपल्या खात्यांना विनंती आहे की, मागणी १ ते ३ साठी नवा कायदा लागत नसल्याने त्यांची अंमलबजावणी तातडीने सुरू करावी आणि मागणी ४ ते ८ ची शिफारस केंद्राकडे पाठवून तिची प्रत आम्हास द्यावी. चर्चेसाठी वेळ दिल्यास आमचे प्रतिनिधी तपासणी पत्रकाच्या नमुन्यासह हजर राहतील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)