खुर्ची मोठी की निर्भय मत?



आपल्यापैकी कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी लहानसा कारखाना काढला, की आपल्या वस्तीत आनंदाला उधाण येते. ते स्वाभाविकच आहे. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागले, त्याचा माणूस अध्यक्षाच्या आसनावर बसलेला पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही? परंतु त्या आसनाची किंमत कशावरून ठरवावयाची, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आज विचारू या.

प्रथम महाडकडे पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा समतावादी अध्यक्ष त्या नगरपालिकेस लाभला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत तो ठराव कागदावरच राहिला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो रद्दही केला! न्यायालयातील लढा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला व १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. अध्यक्ष भला असणे पुरेसे नाही, हा महाडचा धडा होय. सभागृहात न डगमगणारी मते आणि सभागृहाबाहेर जागृत जनता नसेल, तर खुर्ची ही केवळ लाकडाची वस्तू ठरते.

आता पुण्याकडे वळा. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले ते महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे अध्यक्ष कधीच नव्हते. १८७६ पासून काही वर्षे ते सरकारनियुक्त सभासद होते, एवढेच. ते उद्योगी गृहस्थ होते. धातूच्या ओतकामास लागणारे साहित्य ते विकीत, बांधकामाची कंत्राटे घेत, मुळा-मुठेवरील धरणासाठी त्यांनी सामान पुरविले, मांजरीस शेतीही केली. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. ३२ सभासदांत विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे जावा, ही त्यांची भूमिका होती.

ज्या सरकारने त्यांना नेमले आणि ज्याची कामे त्यांनी घेतली, त्याच सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताचा खर्च त्यांनी नाकारला. म्हणजे केवळ धंदा माणसाला निर्भय करीत नाही, हे उघड आहे. तसे असते तर प्रत्येक कंत्राटदार बंडखोर झाला असता! जोतीरावांजवळ स्वकष्टाची भाकरी होती आणि तिच्या जोडीला १८७३ साली स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचे तत्त्व होते. या दोहोंपैकी एक जरी उणे असते, तरी ते मत पडले नसते. त्या चळवळीचे बळ तुमच्याच शेजारी दिसले. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून लग्न लावले, त्यापायी कोर्टकचेरी सोसली, पण माघार घेतली नाही.

आपल्या पूर्वजांचे मत का उमटत नव्हते, याचे उत्तरही येथेच आहे. महारकीच्या वतनाने त्यांचे पोट गावाच्या मर्जीस बांधले होते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली त्या वतनाविरुद्ध कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. वतन गेले, परंतु मिंधेपणा गेला काय? निवडणुकीच्या आदल्या रात्री जो हात पुढे करतो, तो नव्या वतनाचा धनी होतो.

घोड नदीच्या उगमाजवळ, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुप्यासारख्या गावी हा विचार अधिकच लागू पडतो. तो भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथील पंचायतीचे प्रमुखपद आदिवासींसाठी राखीव आहे. याबद्दल कोणी बौद्ध कुरकुरत असेल, तर त्याने बाबासाहेबांचा न्याय समजून घेतलेला नाही. महादेव कोळी बांधवांचा हक्क हा आपल्या हक्काचा सख्खा भाऊ आहे. खुर्ची आपली नसेना! ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ मतदाराला बोलण्याचा अधिकार आहे. पाण्याचा, रेशनचा, शाळेचा, जंगलाचा हिशेब विचारण्यास अध्यक्षपद लागत नाही. ताठ मान लागते.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांस आमचे सांगणे असे. मुलाला व मुलीला शाळेबरोबर हातचा एखादा धंदा शिकवा. शिलाई असो, सुतारकाम असो, यंत्रदुरुस्ती असो. त्यातून मिळणारी भाकरी लहान असली तरी ती कोणाच्या उपकाराची नसेल. घरातील स्त्रियांना ग्रामसभेस न्या आणि त्यांना बोलू द्या. ठराव झाला की त्याची नक्कल मागा आणि तो अमलात येईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नका. आणि आपला माणूस निवडून आला, तर हार घालून घरी जाऊ नका. त्याने कोणत्या ठरावावर कसे मत दिले, हे त्याला दर वर्षी विचारा.

स्वतःच स्वतःचा आधार व्हा, असे तथागतांनी शिकविले. जो समाज स्वतःचा आधार झाला, त्याचे एकटे मतही ३१ मतांना पुरून उरते.

जयभीम!