सही होण्याआधी विचारा

पंचायतीत भिंतीला लावलेली इंटरनेटची पेटी तुम्ही पाहिली असेल. काही गावांत तिचे दिवे लुकलुकतात. काही गावांत तिच्यावर कोळिष्टकं आहेत आणि सरपंचांना विचारलं तर ते म्हणतात, "वरूनच बंद आहे."

ही भारतनेटची पेटी. योजना 2011 सालची, हे नाव मिळालं 2015 मध्ये. जुन्या रचनेत केबल माळेसारखी एका गावातून पुढच्या गावात जायची. मध्ये कुठे जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने योजना बदलली आणि 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. आता केबलचं कडं करायचं ठरलं आहे. एका बाजूने तुटली तर दुसरीकडून चालेल. शिवाय दहा वर्षं देखभाल करायची आहे.

मोठा करार वर होतो. त्यातली एक ओळही तुमचे सरपंच बदलू शकत नाहीत. पण पेटीला जागा, तिला वीज, गावातला रस्ता खोदायची परवानगी हे गावात ठरतं. खासगी केबलवाला आला तरी तो बहुधा पंचायतीचा ठराव मागतो. गावाचं ऐकलं जातं ते सही होण्याआधीच्या दिवसांतच. एकदा सही झाली की तुम्ही फक्त तक्रारदार.

म्हणून आधी ग्रामसभेची नोटीस वाचा. शेवटी 'ऐनवेळचे विषय' असं लिहिलेलं असतं. नको ते तिथूनच आत शिरतं. पंचायतीने आधी केलेल्या करारात बदल असेल तर तो विषय नावानिशी नोटिशीत घाला, असं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधीच सांगा.

मग सभेला जा. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. घरी बसलात तर चार जणांत ठराव होईल आणि तो कायदेशीरच असेल. बायकांनी तर जरूर जावं. नेट नसल्याने ई-केवायसी अडली की तालुक्याला हेलपाटा त्यांनाच पडतो. एसटीचं भाडं जातं, त्या दिवसाची मजुरीही बुडते.

सभेत सगळ्यात आधी दुरुस्तीचं विचारा. बंद पडलं तर कुणाला फोन करायचा? किती दिवसांत माणूस येईल? नाही आला तर त्याला काय दंड? "लवकरात लवकर" हे उत्तर घेऊ नका. दिवसांचा आकडा मागा. वेग किती मिळणार हे लोक आवडीने विचारतात. बंद पेटीला वेग नसतो.

वीजबिल कोण भरणार तेही विचारा. पंचायतीचं बिल थकलं की वीज तुटते आणि पेटीही बंद होते. मग कंपनी पंचायतीकडे बोट दाखवते.

खोदकामाचं मी जरा जास्त सांगतो, कारण आम्ही ते भोगलं आहे. आमच्याकडे केबल टाकताना नळाची पाइपलाइन फुटली. पोटठेकेदार म्हणाला, मुख्य ठेकेदाराला विचारा. मुख्य ठेकेदार म्हणाला, कागदावर पाइपलाइन कुठे आहे? खरंच नव्हती. शेवटी वर्गणी काढून आम्हीच सांधा बसवला. तुम्ही खोदण्याआधी पाणीपुरवठ्याच्या माणसाला सोबत घ्या. पाइप कुठून जातो तिथे चुना टाका आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चर बुजवून रस्ता पूर्ववत करणं त्यांचं काम, हे ठरावातच लिहा.

वाड्या-वस्त्यांनीही गप्प बसू नये. पंचायतीपर्यंत केबल आली की कागदावर गाव जोडलं जातं. तीन किलोमीटरवरची वाडी तशीच राहते. नव्या योजनेत पंचायत कार्यालय नसलेल्या गावांना मागणी केली तर जोडणी देण्याची सोय आहे. ती मागणी तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि रेशन दुकान यांची नावं त्यात घाला.

सरपंचांवर संशय घ्या असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढेही वीस पानांचा इंग्रजी कागद येतो आणि "साहेब, उद्याच पाठवायचा आहे" अशी घाई असते. त्यांना सांगा, मराठीत समजावून मागा, दोन दिवस थांबा. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला तो कागद वाचायला बसवा.

सभेचं कामकाज प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जातं. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यात आलं का, हे सही करण्याआधी पाहा. कोऱ्या पानावर सही करू नका. कराराची आणि ठरावाची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. मिळालेल्या नकलेतलं दुरुस्तीचं पान आणि फोन नंबर पेटीशेजारीच चिकटवा. मोठ्या अक्षरांत.