आईच्या दुधाची झडती

नांदेडहून नागपूरच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर अर्धापूर येते. केळीच्या बागांनी आणि हळदीच्या शेतांनी ओळखला जाणारा हा तालुका. विमानप्रवासाचा विषय येथील माणसाला एके काळी परकाच वाटला असता. परंतु २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडच्या विमानतळाचा विस्तार झाला, २०१७ च्या एप्रिलमध्ये 'उडान' योजनेखाली नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली, आणि पुढे ही सेवा कधी चालू, कधी बंद राहिली तरी विमानात बसणे ही केवळ धनिकांची मिरासदारी उरली नाही. अर्धापूरच्या शेतकऱ्याची शिकलेली लेक आज पुण्यात वा हैदराबादेत नोकरी करते, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आणि तान्हे मूल घेऊन परत जाते. तेव्हा विमानतळाच्या तपासणीत आईच्या दुधाच्या बाटलीचे काय होते, हा प्रश्न आता आपल्या घरातलाही आहे. तो क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी पुढील विवेचन शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांच्या साहाय्याने विमाने उडवून देण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर जगभर प्रवाशाच्या हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रवपदार्थ नेण्यास बंदी आली. मात्र नियम करणाऱ्यांनाही तान्ह्या मुलाचा विसर पडला नव्हता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत औषधे आणि लहान मुलांचे दूध व अन्न यांना या मर्यादेतून सूट दिलेली आहे. आपल्या देशातील नियमही त्याच धर्तीचे आहेत. म्हणजे कागदावर आईचा मार्ग मोकळा आहे. प्रश्न आहे तो कागद आणि तपासणीचे दार यांच्यामधील अंतराचा.

या अंतरात काय घडते, याचे दाखले जगाने पाहिले आहेत. २००२ साली न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका आईला आपल्याच दुधाचे घोट घेऊन ते निरुपद्रवी असल्याचे दाखवावे लागले. २०१६ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कामानिमित्त प्रवास करणाऱ्या दुसऱ्या आईचे सुमारे १५ लिटर दूध टाकून देण्यात आले. अनेक दिवस थोडे थोडे काढून साठविलेले ते दूध होते. कारण काय, तर तिचे मूल तिच्याबरोबर नव्हते आणि सवलत मुलासह प्रवास करणाऱ्या आईपुरती होती. २०१७ च्या जानेवारीत जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे एका स्त्रीच्या सामानात दूध काढण्याचा पंप सापडला, आणि मूल सोबत नसल्याने, आपल्याला खरोखर दूध येते हे अंगावरून सिद्ध करण्यास तिला सांगण्यात आले, अशी तिची तक्रार होती. देश वेगळे, वर्षे वेगळी. परंतु तिन्ही ठिकाणी पुराव्याचे ओझे आईच्या देहावर टाकले गेले, ही गोष्ट एकच.

सुरक्षिततेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. डिसेंबर १९९९ चे कंदहार प्रकरण ज्यांना आठवते, त्यांना विमानतळावरील पहारा का कडक झाला हे सांगावे लागत नाही. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्याच्या दक्षतेवर अवलंबून आहेत, त्या पहारेकऱ्याने बाटली तपासलीच पाहिजे. परंतु तपासणे आणि अपमान करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. द्रवपदार्थात स्फोटकांचा अंश आहे काय, हे पाहण्याची साधने आज उपलब्ध आहेत. क्ष-किरण यंत्रातून गेल्याने दूध बिघडत नाही. मग आईला दूध चाखावयास लावून कोणती सुरक्षितता साधते?

आणि येथे एक वर्गीय सत्यही ध्यानात घेतले पाहिजे. दारावर उभी असलेली महिला शिपाई ही वैरीण नव्हे. तीही कामगारच आहे. कदाचित तिचेही तान्हे मूल घरी सासूपाशी असेल. वरिष्ठांनी सवलतीचा नियम स्पष्ट शब्दांत तिच्या हाती दिलेला नसतो. चूक झाली तर मात्र जबाब तिलाच द्यावा लागतो. ज्याच्यावर जबाबदारी आहे आणि ज्याला अधिकार नाही, असा माणूस नेहमी 'नाही' म्हणण्यातच आपली सुरक्षितता शोधतो. म्हणून दोष त्या शिपाई स्त्रीला देऊन भागणार नाही. दोष संदिग्ध आज्ञेचा आहे. सवलत जोवर तोंडी आणि मर्जीवर असते, तोवर तिला हक्क म्हणता येत नाही.

मूल सोबत नसताना आईजवळ दूध कशाला, असा प्रश्न काही जण करतील. त्याचे उत्तर आपल्या कामगार कायद्यांतच आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तो कायदा केला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन जादा सुट्या दिल्या, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असेही त्याच दुरुस्तीने सांगितले. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे आणि पुढे दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही ते चालू ठेवावे. म्हणजे सहाव्या महिन्यात आई कामावर परतते, आणि मुलाची गरज मात्र पुढे दीड वर्ष उरते. कामाच्या निमित्ताने तिला परगावी जावे लागले, तर मूल माहेरी राहते आणि दूध बाटलीत साठते. हा तिचा शौक नसून, नोकरीने पाडलेले अंतर भरून काढण्याची धडपड आहे. अमेरिकेत आईजवळ दूध असण्यासाठी मूल सोबत असण्याची अट नाही, आणि तपासनिसांना यासंबंधी प्रशिक्षण देण्याविषयी तेथे २०१६ मध्ये कायदाही झाला. आपणही ती अट निःसंदिग्ध शब्दांत निकालात काढली पाहिजे.

दुधाचे मोल आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना तेथे दुसऱ्या मातांनी दिलेले दूध औषधासारखे मोजून पाजले जाते. जो पदार्थ सार्वजनिक रुग्णालयात प्राणरक्षक ठरतो, तोच विमानतळावर संशयित द्रव ठरावा, ही विसंगती आहे. त्यातही वेळ महत्त्वाचा. साधारण २५ अंशांच्या तापमानात काढलेले दूध चार तास टिकते. मराठवाड्यातील वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बर्फाच्या पिशवीवाचून ते तितकेही टिकणार नाही. तपासणीच्या रांगेत घातलेली एक तासाची हुज्जत म्हणजे मुलाच्या एका वेळच्या अन्नाचा नाश होय.

'हा विमानात बसणाऱ्यांचा प्रश्न. केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला त्याचे काय?' असा आक्षेप आमचेच काही सहकारी घेतील. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. महाराष्ट्राला हिरकणीची आख्यायिका सांगावी लागत नाही. रायगडावर दूध विकावयास गेलेली ती गवळण संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून अडली, आणि घरी भुकेलेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याचा गौरव करतो, तिच्या नावाचा बुरूज दाखवितो, एस. टी. स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटीही लावतो. परंतु त्या कक्षाला कुलूप लागलेले पाहणे हा प्रवासी स्त्रियांना नवा अनुभव नाही. आईने कडा उतरावा लागू नये, अशी व्यवस्था करणे हा त्या कथेचा खरा बोध होता. हळदीच्या काढणीला आलेली मजूर स्त्री झाडाला झोळी बांधून मूल निजविते आणि मुकादमाच्या नजरेखाली पाजण्याची वेळ चोरते. तिच्यापुढील दरवाजा आणि विमानतळावरील दरवाजा यांत उंचीचा फरक आहे, जातीचा नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने स्तनपान हा आईचा घटनादत्त हक्क असल्याचे म्हटले. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी सोयी असाव्यात असे बजावले. हक्क एका दारात मान्य झाला की दुसऱ्या दारात मागण्याचे बळ वाढते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आईच्या दुधाला, मूल सोबत असो वा नसो, प्रमाणाची मर्यादा लागू नाही, हा नियम प्रत्येक विमानतळाच्या तपासणी दारावर स्थानिक भाषेत ठळकपणे लावावा. नांदेडला तो मराठीत असावा. कोणत्याही आईला दूध चाखावयास किंवा देहाने पुरावा देण्यास सांगू नये. तपासणी यंत्राने, स्वच्छ टेबलावर, नवे हातमोजे घालून आणि स्त्री कर्मचाऱ्यानेच करावी. दूध अडविले तर वरिष्ठ अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे. लेखी देण्याची पाळी आली की मनमानी आपोआप आखडते.

मातांनाही आमचे सांगणे आहे. दुधाच्या बाटल्या वेगळ्या पिशवीत ठेवा, तपासणीपूर्वीच आपण होऊन तसे सांगा, आणि हुज्जत झाल्यास वरिष्ठाला बोलवा व तक्रार लेखी करा. यात लाजण्याजोगे काहीही नाही. लाज वाटायची असेल तर ती, आईचे दूध हे अन्न आहे हे आईलाच सिद्ध करावयास लावणाऱ्या व्यवस्थेला वाटली पाहिजे.