चिठ्ठ्या नकोत, तक्ता हवा

डिसेंबर लागला की कळवा, खारीगाव, पारसिकनगरच्या सोसायट्यांमध्ये लिफ्टशेजारच्या फळ्यावर बॅडमिंटन स्पर्धेची सूचना लागते. पुरुष दुहेरी, महिला एकेरी, मुलांचे गट, आणि अगदी खाली एक ओळ असते : ‘मिश्र दुहेरी, जोड्या चिठ्ठीने.’ या अंकाचे संपादकीय त्या एका ओळीविषयी आहे. आमचे वाचक प्रशिक्षक आहेत, पंच आहेत, क्लबांचे सचिव आहेत. ती ओळ लिहिणारे हात बहुतेक वेळा त्यांचेच असतात.

चिठ्ठीने काय होते, ते कोर्टाच्या कडेला बसून पाहावे. स्टीलच्या डब्यातून दोन घड्या निघतात. वीस वर्षे खेळणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या वाट्याला गेल्या पावसाळ्यात रॅकेट हातात घेतलेली जोडीदार येते. पहिल्या तीन रॅलींतच समोरच्यांच्या लक्षात येते की शटल कोणाकडे मारायचे. मग प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक ड्राइव्ह तिच्याच अंगावर. गृहस्थ तिच्यासमोरून आडवे धावत तिचीही शटले घेऊ लागतात आणि ती जाळीजवळच्या कोपऱ्यात, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून, अंग चोरून उभी राहते. बाद पद्धतीचा सामना असल्याने पंधरा मिनिटांत दोघांचाही दिवस संपतो. ती ‘छान झालं, मजा आली’ म्हणत पाण्याची बाटली उचलते. पुढच्या वर्षीच्या यादीत तिचे नाव नसते, आणि आयोजक म्हणतात, बायका नावेच देत नाहीत.

नावे येत नाहीत, याचे मोठे कारण आपला ड्रॉ आहे. निवड स्पर्धेत हरणाऱ्याने घरी जायचे, हे ठीक. रविवारच्या स्पर्धेत सगळे जण खेळायला आलेले असतात आणि प्रत्येकाला सारखे खेळायला मिळणे हा त्यांचा हक्क आहे. म्हणून घरगुती मिश्र दुहेरी साखळी पद्धतीनेच व्हावी आणि प्रत्येक फेरीत जोडीदार बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जोडीदार बदलला की नवखी खेळाडू एकाच्या गळ्यात पडत नाही, ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. तिच्याशी जुळवून घेण्याची पाळी प्रत्येक चांगल्या खेळाडूवर येते. तिच्याकडे सतत शटल मारणाऱ्यालाही ठाऊक असते की कुठल्यातरी फेरीत ती आपल्याच बाजूला असणार आहे.

इथपर्यंत अनेकांना पटते. अडते ते पुढे. फेरी झाली की सचिव कागद घेऊन मध्ये उभे राहतात आणि ‘आता तू हिच्याबरोबर, तुम्ही जरा बसा’ असे तोंडी वाटप सुरू होते. तिसऱ्या फेरीपर्यंत कोणी एकदाही बसलेले नसते, कोणी दोनदा बसलेले असते, नवरा-बायको दुसऱ्यांदा एकत्र आलेले असतात आणि दोन बायका एकमेकींसमोर तिसऱ्यांदा उभ्या असतात. सचिवांचा हेतू चांगलाच असतो. पण हे काम उभ्या उभ्या डोक्यात होणारे नाही, ते आधी बसून कागदावर करायचे आहे. त्याची रीत गणितात पन्नास वर्षांपासून तयार आहे आणि तिच्या मुळाशी एका मराठी माणसाचे मोठे काम आहे.

लिओनार्ड ऑयलर या गणितीने १७८२ साली एक कोडे मांडले. सहा पलटणींतले, प्रत्येकी सहा हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी चौरसात उभे करायचे. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच आला पाहिजे. हे जमत नाही, असे त्याला वाटले आणि ६, १०, १४, १८ अशा कोणत्याच आकड्याला जमणार नाही, असा अंदाज त्याने केला. सहाच्या बाबतीत तो बरोबर होता. गास्ताँ तारी या फ्रेंच माणसाने १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता तपासून ते सिद्ध केले. बाकीचा अंदाज मात्र १९५९ मध्ये कोसळला. राजचंद्र बोस, शरद्‌चंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी दाखवून दिले की २ आणि ६ सोडले तर प्रत्येक आकड्याला असा चौरस बनतो. न्यू यॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १९१७ साली सागरला जन्मले, नागपुरात शिकले आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले. आपल्या क्रीडा मंडळांच्या भिंतींवर खेळाडूंच्या तसबिरी असतात आणि असाव्यात. पण ज्या विद्येवर स्पर्धांचे तक्ते बनतात, त्या विद्येत आपल्या माणसाचे नाव इतके वर आहे, हे आमच्या प्रशिक्षण शिबिरांत एकदा तरी सांगितले जावे.

या चौरसांचा मिश्र दुहेरीशी थेट संबंध जुळला १९७४ मध्ये. आयबीएममधल्या ब्रेटन, कॉपरस्मिथ आणि हॉफमन या तीन संशोधकांनी नेमका आपलाच प्रश्न सोडवला. काही जोडपी आहेत. नवरा-बायको एकमेकांचे जोडीदारही नकोत आणि प्रतिस्पर्धीही नकोत. बाकी प्रत्येक स्त्री प्रत्येक पुरुषाची एकदा जोडीदार व्हावी आणि एकदा प्रतिस्पर्धी. प्रत्येक पुरुष दुसऱ्या प्रत्येक पुरुषासमोर एकदाच यावा, स्त्रियांचेही तसेच. असा तक्ता दोन, तीन आणि सहा जोडप्यांचा बनत नाही. त्याखेरीज कोणत्याही संख्येचा बनतो.

चार जोडपी आणि दोन कोर्ट असतील तर अवघ्या तीन फेऱ्यांत काम होते. जोडप्यांना १ ते ४ नंबर द्यावेत, पुरुषाला ‘पु’ आणि महिलेला ‘म’ म्हणावे.

पहिली फेरी : पु१-म३ विरुद्ध पु२-म४, शेजारच्या कोर्टवर पु३-म१ विरुद्ध पु४-म२.
दुसरी फेरी : पु१-म४ विरुद्ध पु३-म२, शेजारी पु२-म३ विरुद्ध पु४-म१.
तिसरी फेरी : पु१-म२ विरुद्ध पु४-म३, शेजारी पु२-म१ विरुद्ध पु३-म४.

बोट ठेवून तपासा. कोणीही एकदाही बसत नाही आणि कुठलीही गाठ दोनदा पडत नाही.

पाच जोडप्यांचा तक्ता तर पाठच करता येतो. पहिल्या फेरीत पाच नंबरचे जोडपे विश्रांतीला. एका कोर्टवर पु१-म३ विरुद्ध पु४-म२, दुसऱ्यावर पु२-म१ विरुद्ध पु३-म४. पुढच्या फेरीला प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा, पाचाच्या पुढे गेला की पुन्हा एक. म्हणजे दुसऱ्या फेरीत पु२-म४ विरुद्ध पु५-म३ आणि पु३-म२ विरुद्ध पु४-म५, एक नंबरचे जोडपे बाहेर. असे पाच फेऱ्यांपर्यंत. प्रत्येक जोडपे एकदाच बसते आणि नवरा-बायको एकत्रच बसतात, त्यामुळे घरी लहान मूल असेल तर तेवढ्या वेळात दोघे त्याच्याकडे पाहू शकतात. एका फेरीला बारा मिनिटे खेळ आणि तीन मिनिटे बदल धरला तर सव्वा तासात दहा सामने पूर्ण होतात. क्लबहाऊस दोन तासांसाठी मिळाले असले तरी पुरे.

जोडपी नसतील, सगळे सुटे खेळाडू असतील, तरी हाच तक्ता चालतो. किंबहुना तिथे तो जास्त कामाचा आहे. ज्या दोघांना एकत्र आणायचे नाही, त्यांना एकच नंबर द्या. सर्वांत तगडा पुरुष आणि सर्वांत तगडी महिला दोघेही एक नंबर. ते कधीच एका बाजूला येणार नाहीत आणि दिवसभराची सर्वांत एकतर्फी जोडी जन्मालाच येणार नाही. प्रशिक्षक आणि त्यांची विद्यार्थिनी, भाऊ-बहीण, आई-मुलगा, यांचेही तसेच.

सहाचे दुखणे खरे आहे. सहा जोडपी जमली तर निर्दोष तक्ता शोधत बसू नका, तो नाही. अशा वेळी पुरुषांची नेहमीची सहा जणांची साखळी लावावी, पाच फेऱ्या, दर फेरीत तीन सामने. महिलांनी दर फेरीला एकेक नंबर पुढे सरकावे : पहिल्या फेरीत पु१ बरोबर म२, दुसरीत म३, असे. जोडीदार सगळे वेगळे मिळतात. काही महिला एकमेकींसमोर एकाहून जास्त वेळा येतील, काही जोडपी आमनेसामने येतील. हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे पक्षपाताचा संशय उरत नाही.

कळव्यात आणखी एक अडचण हमखास येते. इथे धीम्या लोकलच थांबतात. संध्याकाळी सातची वेळ दिली तर साडेसातपर्यंत कोणीतरी ठाण्याच्या अलीकडेच अडकलेले असते. तक्त्यात माणसाचे नाव असले की तो आला नाही म्हणून पूर्ण तक्ता नव्याने मांडायचा मोह होतो. तो टाळावा. तक्ता नंबरांचा असतो. पु३ आला नसेल तर त्या नंबरवर कडेला बसलेला कोणीही खेळेल, जोडीदार आणि प्रतिस्पर्धी यांचे गुण धरले जातील, बदली खेळाडूचे धरायचे नाहीत. पु३ आला की आपल्या नंबरवर उतरेल. पुरुष आणि महिलांची संख्या सारखी नसेल, बहुधा पुरुषच जास्त असतात, तर महिलांना जास्त सामने मिळतील आणि पुरुषांना पाळीपाळीने बसावे लागेल. त्या दिवशी एकूण गुणांऐवजी दर सामन्याची सरासरी काढावी.

गुणांविषयी आमचा आग्रह आहे. जोडीदार फिरता असेल तर जोडीला बक्षीस देताच येत नाही, ते व्यक्तीला द्यावे लागते. केवळ जिंकलेले सामने मोजू नयेत. प्रत्येकाने आपल्या बाजूने मिळवलेले गुण बेरजेला धरावेत. तसे केले की १२-१८ असा मागे पडलेला सामनाही कोणी सोडून देत नाही, कारण तेराव्या गुणालाही मोल असते. नवखीने वाचवलेले एक शटल दोघांच्या खात्यात जमा होते. सर्वोत्तम पुरुष आणि सर्वोत्तम महिला अशी दोन बक्षिसे, दोन्ही सारख्या किमतीची, ठेवावीत. पुरुषाला चषक आणि महिलेला स्टीलचा डबा हा प्रकार अजून काही ठिकाणी चालतो. तो यंदापासून बंद झाला पाहिजे.

संगणकावर आणि फोनवर असे तक्ते काढून देणारी साधने आता आहेत, ती जरूर वापरावीत. मात्र त्यातली बरीचशी दर फेरीला नुसती सरमिसळ करतात आणि तिलाच साखळी म्हणतात. तक्ता हातात आला की आयोजकाने तीन गोष्टी तपासाव्यात : प्रत्येकाचे सामने सारखे आहेत का, कोणती जोडी दोनदा आली आहे का, आणि विश्रांती सारखी वाटली गेली आहे का. पाच मिनिटांचे काम आहे.

२६ जानेवारीच्या स्पर्धांची तयारी आता सुरू होईल. आमची सर्व आयोजकांना विनंती आहे की नावे आल्यावर तक्ता आधी तयार करा आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी फळ्यावर लावा. कोणाबरोबर कधी खेळायचे आहे, हे प्रत्येकाला वाचता यावे. आणि गेल्या वर्षी ज्या महिलांनी नाव दिले नव्हते, त्यांच्या दारावर जाऊन तो तक्ता त्यांना स्वतः दाखवा.